डावीकडच्या माणसाचा डबा

संध्याकाळी बाबांची सायकल दारात लागली की मी आधी हँडलला अडकवलेली पिशवी काढून घ्यायचो आणि आतला डबा कानाशी धरून हलवायचो. खणखण वाजला तर डबा रिकामा. वाजला नाही, तर आईला नागपूरहून परत यावं लागणार होतं.

दिवाळी उरकली आणि नागपूरला ताईला डॉक्टरांनी पलंगावरून उठायची मनाई केली. तिचं हे दुसरं बाळंतपण, पहिली मुलगी अजून कडेवरची, आणि सासरी मोठं बाईमाणूस कोणी नाही. आईला जाणं भागच होतं. जबलपुरात उरलो बाबा आणि मी. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि स्वयंपाक मी करीन असं मीच पुढे होऊन म्हणालो. आईच्या ट्रंकेला कुलूप लावता लावता बाबांनी निकाल दिला.

"पोट्टा करतो म्हणते तर करू दे. पण ज्या दिवशी डबा भरलेला वापस आला, त्या दिवशी मी समजीन का नाही जमून राहिलं. मग मी बसमधी बसतो आन् तुला घेऊन येतो."

"आन् पोरीचं काय?" आईने विचारलं.

"पोरीचं पाहू. पण उपाशी पोटी मी फॅक्टरीत रंधा कसा मारू?"

बाबा सकाळी चहाबरोबर टोस्ट खात आणि रात्री दूध-पाव; सुट्टीच्या दिवशी दुपारीही तेच. पोटाच्या तक्रारीमुळे कित्येक वर्षं हेच चाललं होतं. म्हणजे माझ्या हातचं त्यांना जे काय मिळणार ते डब्यातच. एका डब्यावर ताईचं बाळंतपण टांगलेलं होतं. नीट सांभाळायचं तर साधी तुरीची डाळ, बटाट्याची भाजी आणि पोळ्या एवढ्यावर कोणीही निभावलं असतं. पण मी तेव्हा एक चांगला माणूस व्हायच्या प्रयत्नात होतो.

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी धम्मवर्ग भरत असे. एक निवृत्त पोस्टमास्तर शिकवायचे. एका रविवारी त्यांनी सम्यक आजीविका समजावून सांगितली: कोणाला न दुखवता, कोणाला न लुबाडता आपलं पोट भरणं. बाकीची मुलं ऐकून खेळायला गेली. मी घरी येऊन भिंतीला टेकून बसलो. मी तर काहीच कमवत नव्हतो. मग माझ्या वाट्याला काय येतं? खर्च. कमाई शुद्ध हवी तर खरेदीही शुद्ध हवी, हे मला एकाएकी इतकं स्पष्ट दिसलं की मी ते बाबांना लगेच सांगून टाकलं.

बाबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "मी तोफेच्या गोळ्यांचे खोके ठोकतो. त्याच्यात सम्यक काय आहे ते तुझ्या मास्तरले विचार."

मी विचारलं नाही. भीती वाटली. पण मनात ठरवलं, की पैसा आला तसा आला, जाताना तरी तो स्वच्छ हातांतून जाईल.

सुरुवात तेलापासून झाली. दोन गल्ल्या सोडून एक बैलाचा घाणा होता. तिथून मी अलसीचं, म्हणजे जवसाचं, तेल आणलं आणि घरी येईपर्यंत आनंदात होतो. फोडणी टाकताना मला तो बैल आठवला. डोळ्यांवर झापड बांधून दिवसभर गोल गोल फिरणारा. मग मी गिरणीचं तेल आणायला निघालो आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की याच गिरण्यांनी बाकीच्या घाणेवाल्यांचं पोट मारलं. बैलाच्या बाजूने जावं तर माणूस मरतो आणि माणसाच्या बाजूने जावं तर बैल. शेवटी मी दोन्हीकडून थोडं थोडं आणलं आणि भाजीत निम्मंच घालू लागलो. अन्याय होणारच असेल तर निदान कमी व्हावा.

मिठाचंही तसंच झालं. कॉलेजच्या वाचनालयात एका मासिकात मिठागरात काम करणाऱ्यांच्या पायांचे फोटो आले होते. पुढे कितीतरी दिवस मी मिठाचा डबा उघडला की ते भेगाळलेले पाय दिसायचे. मीठ अजिबात सोडणं शक्य नव्हतं, तेवढा मी थोर नव्हतो. मी चिमूट लहान केली.

तांदळाऐवजी कोदो आणू लागलो. मंडल्याकडच्या गोंड बाया बाजाराच्या कडेला टोपल्या मांडून कोदो-कुटकी विकायच्या. हे बारीक, तपकिरी धान्य ना खत मागायचं ना पाटाचं पाणी, आणि पैसा थेट त्यांच्या पदरात. माझ्या सगळ्या शोधांत मला याचा फार अभिमान होता. कोदो पुन्हा पुन्हा कांडून, पाखडून त्याचं टरफल काढावं लागतं हे मला माहीत नव्हतं. शिजल्यावर तो भात दिसायला ठीक होता. खाताना घशात कोणीतरी बारीक ब्रश फिरवतंय असं वाटायचं.

आणि भाजी. बाजाराच्या अगदी टोकाला, नालीजवळ, एक भाजीवाली बसायची. तिच्याकडे कोणी जात नसे. मी तिच्याकडेच जायचो, आणि तेही बाजार उठताना, म्हणजे तिचं उरलेलं वाया जाऊ नये. किडकी वांगी, मऊ पडलेला दुधी, पिवळी झालेली मेथी. भाव करायचा प्रश्नच नव्हता. ती जे सांगेल ते मी देत असे, आणि ती दरवेळी "जुग जुग जियो भैया" म्हणत असे. घरी येईपर्यंत मला हलकं हलकं वाटायचं.

या सगळ्याचा स्वयंपाक स्टोव्हवर. सकाळी मी भात शिजवायचो, भाजी करायचो, आणि ज्वारीची भाकरी थापायचो. ती तव्यावर जाताना फाटायची आणि मी ती पाण्याने जोडायचो. चव घेऊन पाहायचो. बेचव लागायचं. पण चव म्हणजे जिभेची सवय, असा माझा तेव्हा सिद्धांत होता. आणि पुरावा रोज संध्याकाळी सायकलला लटकून यायचा. डबा खणखणीत रिकामा असे. तळाला भाताचं एक शीतसुद्धा नसे.

"कसं झालं होतं?" मी विचारायचो.

"डबा रिकामा आहे ना?" बाबा म्हणायचे, आणि पायजमा घालायला आत जायचे.

मी मोठ्या समाधानाने डबा घासायला घ्यायचो. एक गोष्ट मात्र मी या समाधानात धरत नसे. कॉलेजच्या फाटकाबाहेर एक मंगोडेवाला उभा राहायचा. मुगाच्या डाळीचे ते गरम मंगोडे, वर हिरवी चटणी आणि भरपूर मीठ. मी रोज खायचो. त्याचं तेल कोणत्या बैलाचं, हे मी त्याला एकदाही विचारलं नाही.

थंडी वाढली तसा मटर आला. एका संध्याकाळी पाटनकडचा एक शेतकरी सायकलच्या दोन्ही बाजूंना पोती बांधून चौकात उभा होता. एक पोतं संपलं होतं, दुसऱ्यात निम्मं उरलं होतं, आणि त्याला अंधार पडायच्या आत घर गाठायचं होतं. आता तो इतका मटर घेऊन परत गेला तर? मी ते निम्मं पोतं घेतलं. मग मटरची भाजी, मटरचा झुणका, मटर घातलेला कोदो. मटर संपल्यावर सालं उरली. ढीगभर. त्या सालांतही त्या शेतकऱ्याचा घाम होताच. मी ती चिरून भाजी केली. सालांच्या आत एक चिवट पापुद्रा असतो, तो सोलून काढला तरच ती भाजी खाता येते. मी काही सोलून काढलं नाही. काही वाया घालवायचंच नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी सायकल लागली, मी पिशवी काढली, डबा हलवला. आवाज आला नाही.

बाबा खाटेवर बसले. चपला काढल्या नाहीत.

"सांग बरं. हे काय होतं?"

"मटरच्या सालांची भाजी."

"साल." बाबांनी तो शब्द चघळून पाहिला. "भैसी खाते ते?"

"बाबा, इतके दिवस तर तुम्ही सगळं खाल्लं..."

"मी?" बाबा म्हणाले. "मी काहून खाईन? मी आज पहिल्यांदा खाल्लं!"

मग मला त्या बाकाची गोष्ट कळली. फॅक्टरीत लाकडाच्या ढिगामागे, कडुनिंबाखाली एक लांब बाक होता. बाबांसह चौघं जण तिथे जेवायचे. बाबा नोकरीला लागले तेव्हा सुतारखात्यात कोणी आमच्या लोकांच्या डब्याला हात लावत नसे. जवळ बसायचे, हसायचे, पण डबा उघडला की जरा सरकायचे. त्यावरून एकदा कडाक्याचं भांडण झालं. त्यानंतर तिथल्या जुन्या मिस्तरीने नियम घालून दिला: या बाकावर कोणी आपला डबा खायचा नाही. आपला डबा डावीकडच्याला द्यायचा, उजवीकडच्याचा आपण खायचा, शेवटच्याचा फिरून पहिल्याला. ताटात टाकायचं नाही. कोणाच्या घरच्या हाताला नाव ठेवायचं नाही. ज्याला जमत नाही त्याने दुसरा बाक पाहावा. मिस्तरी केव्हाच निवृत्त होऊन गेला, नियम राहिला. आई असताना घरात याची चर्चा व्हायचं कारणच नव्हतं. तिची पाटवडी कोणाकडे जाते, यावर बाकावर चढाओढ होती.

"तुमच्या डावीकडे कोण बसते?" मी विचारलं.

"पंडितजी."

पंडितजी म्हणजे बाबांचे दोस्त, आमच्याचसारखे वर्धेकडून दोन पिढ्यांपूर्वी आलेल्या घरातले, जानव्याचे आणि जिभेचे दोन्हींचे पक्के. मी त्यांना काकाजी म्हणायचो. त्या दिवशी त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, बाकीचे दोघंही तिकडेच गेले होते, आणि बाबांची रजा मंजूर झाली नव्हती. बाकावर एकटे बसून बाबांनी नाइलाजाने आपलाच डबा उघडला होता.

"हे तू रोज देऊन राहिला होता?" बाबांनी विचारलं.

"हो."

"आन् तो खाऊन राहिला होता?"

बाबांनी डोक्याला हात लावला. मग म्हणाले, "सोमवारच्या बसनं मी नागपूरले जातो. तुझ्या आईले घेऊन येतो. बस्स झालं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पलंगाला खिळलेली ताई, तिची ती छोटी मुलगी, सामान बांधणारी आई, हे सगळं माझ्यामुळे. आणि शिवाय काकाजी. बैल, घाणेवाला, मिठागरातले मजूर, पाटनचा शेतकरी, यांच्यातल्या कोणाला दुखवू नये म्हणून मी जीव टाकत होतो, आणि रोज दुपारी एक सज्जन माणूस माझ्यामुळे घशातून ब्रश फिरवून घेत होता.

रविवारी सकाळी काकाजी लग्नाची बुंदी घेऊन स्वतःच आले. बाबांनी त्यांना धड बसूही दिलं नाही.

"पंडितजी, खरं सांगा. तुम्ही इतके दिवस या पोट्ट्याच्या हातचं हे काहून खाल्लं?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. "अच्छा. आखिर तुम्हीबी खाल्लं का?" मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "मले वाटलं वहिनी गेल्यापासून तुम्हीच बनवून राहिले. म्हटलं माणूस दुःखात आहे."

"पण एखाद दिवस टाकून द्यायचं होतं थोडं!"

"कसं टाकू?" काकाजी म्हणाले. "मी. तुमच्या डब्यातलं. बाकावर बाकीचे पाहून राहिले असते. त्यांना काय वाटलं असतं, आन् तुम्हाले काय वाटलं असतं? तुम्हाले मिठाचं थोडीच आठवलं असतं? तुम्हाले जुनं आठवलं असतं."

बाबांनी बुंदीचा पुडा उचलून फळीवर ठेवला. काकाजी माझ्याकडे वळले.

"चल बाबू. पिशवी घे. तू हे सामान आणतो कुठून ते मले एकदा पाहायचंच आहे."

बाजारात ते माझ्या मागे मागे आले. घाण्याची आणि गिरणीची गोष्ट मी वाटेत सांगितली. त्यांनी थांबून विचारलं, "मग त्या बैलाले तू कमी तेल घेतलं हे कोणी सांगितलं का?" मिठाची सांगितली. त्यांनी हात जोडले, पण मला की मिठागरवाल्यांना ते कळलं नाही. मग आम्ही नालीजवळ पोचलो. मला पाहताच भाजीवालीचा चेहरा उजळला. तिने टोपलीमागून एक वेगळी पाटी काढली.

"आओ भैया, आपके लिए अलग धर के रखे हैं।"

पाटीत भोकं पडलेली वांगी होती आणि एक दुधी, जो बोट लावताच आत गेला. काकाजींनी वांगं उचलून उलटं-सुलटं केलं.

"बाई, ये किसके खाने का है?"

"पहले बकरी को डालते थे," ती अगदी निरागसपणे म्हणाली. "अब भैया ले जाते हैं।"

काकाजी तिथेच नालीच्या कठड्यावर बसले. त्यांचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं त्यांना काही होतंय. ते हसत होते. डोळे पुसत ते एवढंच म्हणत होते, "बकरी! मी बकरीचं खाल्लं! बकरीच्या तोंडचं काढून मले देऊन राहिला हा!"

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो बकरीचा. इतके दिवस ती काय खात असेल?

मग काकाजींनी त्याच बाईच्या पुढच्या टोपलीतली ताजी वांगी निवडली, आणि अशी घासाघीस करून भाव केला की मी शरमेने दुसरीकडे पाहू लागलो. ती बाई मात्र खुशीत होती. तिने त्यांना शिव्या दिल्या, त्यांनी तिला चार गोष्टी ऐकवल्या, शेवटी तिने वर मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुकट टाकली. माझ्याशी इतक्या दिवसांत ती इतकं कधी बोलली नव्हती.

घरी येऊन मी वांग्याचं भरीत केलं, मटरची उसळ केली, साधा तांदळाचा भात लावला. काकाजी दारात खुर्ची टाकून बसले आणि फक्त मिठाच्या वेळी उठले. "टाक. अजून टाक. पायाकडे नको पाहू, पातेल्याकडे पाहा."

तिघांची पानं वाढली. बाबा मधे, काकाजी त्यांच्या डावीकडे, मी समोर. बाबांनी ताटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अलगद, दोन्ही हातांनी, ताट उचलून डावीकडे सरकवलं.

"पंडितजी," ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

काकाजींनी बाह्या सावरल्या. पहिला घास घेतला. मग बाबांकडे वळून म्हणाले, "आपण बाकावर नाही बसलो ना?"

"नाही."

"मग बोलू?"

आणि ते बोलू लागले. भरीत कच्चं आहे. वांग्याची सालं तशीच राहिली, कोळसा लागतो दाताखाली. भाताची पेज झाली. हे आजचं. मग त्यांनी मागचं काढलं. दिवाळीनंतरच्या पहिल्या भाकरीपासून सुरू केलं. ती भाकरी त्यांनी दुमडली तर ती उलगडून पुन्हा सरळ झाली होती म्हणे. मेथीत वाळू होती. कोदो पहिल्यांदा आला त्या दिवशी त्यांनी दुपारभर कोमट पाणी प्यायलं आणि शेजारच्या सुताराला आपल्याला सर्दी झाली असं सांगितलं. गोड झुणका त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. बाबा हसता हसता मांडीवर थापा मारत होते. कित्येक दिवसांचं पोटात साठलेलं काकाजींनी त्या एका जेवणात बाहेर काढलं, आणि बोलता बोलता दोन्ही ताटं पुसून साफ केली.

मग त्यांनी रिकामं ताट माझ्यापुढे धरलं. "मटर आण अजून."

बाबांचं हसू थांबलं. "खरं सांगून राहिले का?"

"घरी खोटं काहून बोलू? मटर चांगला झाला." मग खालच्या आवाजात, "वहिनीले राहू द्या तिकडे. पोरीले गरज आहे. हा मीठ टाकीन, मी खाईन."

बाबांनी पातेलं स्वतःकडे ओढलं, चमच्याने एक मटर काढून तोंडात टाकला, छताकडे पाहत चघळला. सोमवारी सकाळी ते सायकल काढून फॅक्टरीत गेले, बसस्टँडवर नाही.

मी त्याच दिवशी कॉलेजमधून येताना नालीजवळ थांबलो आणि ती वेगळी पाटी विकत घेऊन तिथेच मागे बांधलेल्या तिच्या बकरीपुढे ओतली. भाजीवालीने पैसे मोजून घेतले आणि "जुग जुग जियो" म्हणाली.

ताईला मुलगा झाला. आई त्याला सव्वा महिन्याचा करूनच आली. तोवर रोज मी डबा भरला. मीठ घातलं, तेल घातलं, कोदो कांडून घेतला. रोज डबा खणखणत परत आला. पण आता त्या आवाजाने माझं समाधान होत नव्हतं. तो चवीमुळे रिकामा झाला की नियमामुळे, हे कळायला मार्ग नव्हता. एकदा न राहवून मी बाबांना विचारलं, "खरंच चांगलं होतं का आज?"

बाबा पायजम्याची नाडी बांधत होते.

"मले काय माहीत बाप्पा," ते म्हणाले, "मी थोडीच खातो."